उसनं बोट

न्हावऱ्याचे मारुतराव दूध सोसायटीचे दोनदा चेअरमन झाले होते. त्यामुळे आकडे आपलं ऐकतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. शिरूरच्या डॉक्टरांनी घरी साखर मोजायचं मशीन घ्यायला लावलं आणि ती समजूत अडचणीत आली.

सूनबाई मोनालीनं रीत सांगितली. हात साबणानं धुऊन कोरडे करायचे, बोटाच्या कडेला टोचायचं, रक्तासाठी बोट पिळायचं नाही, मशीनच्या पट्ट्यांना हवा लागू नये म्हणून डबी लगेच बंद करायची. मारुतरावांनी मान डोलावली आणि पेढ्याचं बोट धोतराला पुसून पुढं केलं. दोनशे अठ्ठ्याण्णव.

"मशीन बोगस हाय," मारुतराव म्हणाले.

मग ते दिवसातून चारदा मोजू लागले. त्यातला लहान आकडा तेवढा वहीत मांडायचे. पट्ट्यांची डबी खिडकीत उघडीच पडलेली. शनिवारी डॉक्टरकडे जायचं होतं, आणि आदल्या दिवशी त्यांना कळलं, की डॉक्टर वही बघतच नाहीत, मशीनमध्ये साठलेले आकडे बघतात.

शनिवारी सकाळी, चहाच्या आधी, त्यांनी बायकोला हाक मारली. "सोजरा, बोट दे इकडं. तुला कुठली साखर? एक तरी आकडा चांगला दिसंल."

सोजराबाई गूळ फोडत होत्या, तशाच उठून आल्या. चारशे बारा.

"बघा! हिला कवा साधी सर्दी न्हाई, आन् चारशे बारा! म्हणलं न्हवतं, बोगस हाय?"

"आप्पा, आत्यांच्या हाताला गूळ हाय," मोनाली म्हणाली. तिनं सासूबाईंचे हात धुतले, पुसले, पट्ट्यांची नवी डबी फोडली. तीनशे छत्तीस.

मोनालीचा चेहरा उतरला. "आत्या, तहान लय लागती का?"

"लागती की. ऊन किती हाय."

"आन् पायाची ती जखम, अजून भरली न्हाई?"

"दोन म्हयनं झालं. हळद लावती."

"मग सांगितलं का न्हाई?"

"इचारलं कुणी?"

शिरूरला लॅबमध्येही सोजराबाईंची साखर जवळपास तेवढीच निघाली. डॉक्टरांनी सोजराबाईंना गोळ्या चालू केल्या, जखम धुऊन बांधली आणि म्हणाले, आणखी उशीर केला असता तर पाय वाचवणं अवघड होतं. मशीनवरचे मारुतरावांचे आकडे त्यांनी चष्मा काढून बघितले, पुन्हा लावून बघितले, आणि लॅबमध्ये तपासून मारुतरावांच्याही गोळ्या वाढवल्या.

संध्याकाळी शेजारचे पोपटराव चौकशीला आले. मारुतराव ओट्यावर ऐसपैस बसून सांगत होते, "मी हेरलं म्हणून बरं. मला शंकाच आलती. म्हणलं, हिची बी एकदा बघू."

सोजराबाई लंगडत पाणी घेऊन आल्या. "भावजी, त्यास्नी इचारा की, माझं बोट कशापायी धरलं व्हतं."

"कशापायी वो, मारुतराव?"

मारुतरावांना एकाएकी गाईंना पेंड घालायची आठवण झाली.