पटाची बाहुली

आमच्या कुस्तीच्या मास्तरांच्या धाकटीचं वागणं मला मुळीच खपत नाही. मित्रांनो, समोर जोडीदारीण पाय रोवून उभी असते, आणि ही बाई तिच्या मनगटाला जेमतेम बोटं लावून सरळ बूड टेकते. मग पाय वर करून म्हणते, "ये आता!" जिउजित्सू नावाच्या परदेशी कुस्तीत असं चालतं म्हणे. चालत असेल. खाली गेल्यावर तिच्या पायांच्या विळख्यातून सुटलेली एकही मी अजून पाहिली नाही, तेवढं कौतुक मी करते. पण जिच्या बापाने अख्खं आयुष्य पट काढायला शिकवण्यात घालवलं, तिने असं आपणहून खाली बसावं? आणि ती का बसते ते मला ठाऊक आहे, म्हणून माझा जीव जास्तच जळतो.

मी एक जुनी बाहुली आहे. मांडीवर घेऊन खेळायची नव्हे, आपटायची. जाड ताडपत्रीचं अंग, दोन हात, दोन पाय आणि डोकं म्हणून एक गोळा. नाक-डोळे काढायची कुणाला गरज वाटली नाही, तरी मला सगळं दिसतं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं म्हणाल तर गिरणीचा शिक्का पाठीवर आहे तेवढीच, आणि तीही उलटी. पण माणसाचे पाय धरून त्याला खाली कसं आणावं, म्हणजे पट कसा काढावा, हे खुशाल मला विचारा. पडण्यातच माझी हयात गेली.

मला शिवलं मास्तरांच्या बायकोने. तालमीला येणारे सगळे तिला आई म्हणत. ती पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची, आणि मास्तर घरामागच्या टायरच्या जुन्या गोदामात कुस्ती शिकवायचे. हवा दमट झाली की तिथल्या भिंतींना अजून रबराचा वास सुटतो. मला शिवताना मास्तर दारातून म्हणाले, "हलकी नको हं करूस."

आई सुई न थांबवता म्हणाली, "तुमच्या जुन्या पँटी भरल्यात. तुमच्याइतकीच जड होईल आणि घरकामाला तुमच्याइतकीच उपयोगी."

मास्तर मला भिंतीला टेकवून उभी करत आणि शिकवत. "कंबरेत वाकू नका, गुडघ्यात बसा. पुढचा पाय तिच्या दोन पायांच्या मधे. डोकं वर, कान बरगडीला चिकटलेला. हात गुडघ्यांच्या मागे. आणि बैलासारखं सरळ रेटू नका, डोक्याने कडेला दाबत वळा." डोकं खाली घातलं की समोरची आपली मान काखेत धरून गळा आवळणार, हे ठरलेलं. वर्षानुवर्षं पोरं माझ्यावर तुटून पडली, माझे टाके उसवले, आईने पुन्हा घातले. त्या दिवसांत मला मान होता. पायाने ढकललेलं मास्तरांना चालत नसे, दोन्ही हातांनी उचलूनच कोपऱ्यात न्यावं लागे.

मास्तरांना दोन मुली. थोरलीसारखा पट मी पुन्हा अनुभवला नाही. ती अंगाखाली शिरली हे कळायच्या आत मी हवेत असे. तरी तिने मला कधी टाकून दिलं नाही. हात न सोडता गादीपर्यंत आणायची, बाळाला झोपवावं तशी. पण तिचा एक माज होता. आपली पाठ ती कधी टेकू देत नसे. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून हवेतसुद्धा ती मांजरासारखी वळायची आणि पालथी पडायची. "माझी पाठ फक्त अंथरुणाने पाहिलीय," असं सगळ्यांना ऐकवायची.

धाकटी जिउजित्सूकडे वळली. तिथे पाठीवर पडूनही लढता येतं, उलट पालथं पडलं की पाठीवर चढून गळा धरतात. थोरली तिला चिडवायची, "पडून पडून लढतेस? उशी आणून देऊ का?"

"तायडे, एक दिवस तुला उताणी पाडीन ना, तेव्हा ती उशी तुलाच देईन!"

तो दिवस आला तेव्हा मी भिंतीशीच होते. साधी रोजची सकाळ. धाकटी खाली बसली, शिरली, डोकं वर, कान बरगडीला, हात बरोबर गुडघ्यांच्या मागे. मास्तरांच्या तोंडून "वा!" निघालं. थोरलीचे पाय उचलले गेले. गादी मऊ होती. ती नुसती पाठीवर पडली असती तर दोघी हसत उठल्या असत्या. पण ती हवेत वळली. मान आधी टेकली. आवाज अगदी लहान झाला, वाळलेली काटकी पायाखाली यावी तेवढाच. दवाखान्यातून थोरली परत आली नाही.

त्यानंतर धाकटीने कुणाच्या पायाला हात लावला नाही. मास्तर एका जागी बसले ते बसलेच. माझं पोट तेव्हा फाटलेलं होतं. एका दुपारी आईने थोरलीचे सरावाचे कपडे आणले आणि एकेक घडी माझ्यात दाबून भरली. मास्तर नुसते बघत राहिले.

"कपाटात ठेवले तर कसर लागेल," ती म्हणाली. "कुणाला दिले तर दुसरीच्या अंगावर दिसतील. इथे राहू देत. धाकटीला सांगू नका."

मित्रांनो, तेव्हापासून मी एकटी नाही. दुपारी सगळे जेवायला गेले की रिकाम्या गोदामात गादी दबल्याचा आवाज येतो, कुणीतरी अनवाणी फिरावं तसा. माझा डावा गुडघा आपोआप बाहेर वळतो, आणि थोरली अशीच उभी राहायची. कधी माझ्या मानेशी ऊब येते. धाकटी माझ्यापासून लांबून जाते, आणि जाताना तिच्या हातावर काटा येतो. तिने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आता मला तोंड कुठलं! माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. तेही मी सोसलं.

पण आता तालीम धाकटीकडे आली, आणि पोरी गळू लागल्या. स्पर्धेत दुसऱ्या तालमींच्या मुली हिच्या पोरींच्या पायांच्या विळख्यात शिरतच नाहीत. उभ्या राहून वाट बघतात, या खाली बसल्या की वरून दाबतात आणि जिंकून जातात. शेवटी दवाखान्यात नोकरी करणारी एक नर्स तेवढी उरली.

काल संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, मला पट शिकवा. नाहीतर मीही दुसरीकडे जाते. रागावू नका."

"जा की! मी धरून ठेवलंय का?"

"तुम्ही कुणालाच धरत नाही, हेच तर म्हणतेय."

नर्सने माझ्यावरचे टॉवेल फेकले, मला ओढून मधोमध उभी केली आणि कमरेत वाकून, डोकं खाली घालून माझ्यावर धडकली. अगदी शिकाऊ चूक. धाकटीला राहवलं नाही.

"डोकं वर! मान घालवशील!"

ओरडली आणि स्वतःच दचकली. आवाज हुबेहूब थोरलीचा होता. नर्स गोंधळून पुन्हा शिरली, तिने मला उचलून आपटलं, आणि माझ्या कुशीची शिवण उसवली. आतून एक हिरवी बाही बाहेर आली, कोपराला आईने लावलेलं ठिगळ तसंच.

धाकटी गादीवर बसली. लढायला बसते तशी नव्हे, हाडं काढून घेतल्यासारखी. बाही हातात घेतली, नाकाशी नेली.

"आईने भरलेत," ती म्हणाली. "मी रोज हिच्यावर ओले टॉवेल घालत होते." आणि मग बाहीशीच बोलली, "तायडे, मी टाकलं ना गं तुला?"

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. माझा डावा गुडघा बाहेर वळला, आणि नर्स दोन पावलं मागे सरली.

तोंड मला कुणी शिवलेलं नाही. तरी मी बोलले. आवाज माझा की माझ्या पोटातल्याचा, ते मला विचारू नका. दोघींनी ऐकला एवढं खरं, कारण दोघींची मान एकदम माझ्याकडे फिरली.

"तुझा पट चोख होता, धाकटे. पाठ टेकायची लाज तिला होती, त्या लाजेने तिची मान मोडली. ते तिचं तिच्यापाशी राहू दे. पण इतकी वर्षं स्वतः बसलीस आणि आलेल्या पोरींनाही बसवून हरवलंस, हे मात्र तुझं पाप. भित्री आहेस तू. धर त्या नर्सचे पाय, आणि ती गादीला लागेपर्यंत हात सोडू नकोस."