चोराचे कपडे

शाळेच्या नाटकातले चोराचे कपडे शिवायला आले, तेव्हा ते घेऊच नयेत असं शिंपीआजोबांच्या सुनेचं म्हणणं पडलं. पण बाईंनी चित्रच काढून पाठवलं होतं: काळी विजार, आडव्या पट्ट्यांचा सदरा, डोळ्यांवर बांधायची पट्टी. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आजोबांनी मुकाट्याने कापड बेतलं.

दुपारी त्यांची नात चिमी शाळेतून आली. दप्तर भिरकावून मशीनजवळच्या स्टुलावर चढली, डोळ्यांना पट्टी बांधून आरशात पाहिलं आणि खुदकन हसली. तिच्या बाबांना पोलिसांनी नेल्यापासून ती अशी हसली नव्हती. आजोबांचा जीव जरासा भांड्यात पडला.

पण चिमी हसली होती ती भलत्याच कारणाने. बाबांच्या कपाटात असं काळंबिळं काहीच नव्हतं, असं ती आजोबांना पटवून देऊ लागली. सगळे फिकट रंगाचे, इस्त्रीचे शर्ट, तेही आजोबांनीच शिवलेले. म्हणजे पोलिसांनी चुकीचा माणूस नेला होता. उद्या तालमीत हे कपडे दाखवून ती वर्गाला तसं सांगणार होती. मग चिडवायची कुणाची टाप होती?

मशीनवरचे आजोबांचे पाय थांबले. सुरुवातीला तेही घरोघर हेच सांगत फिरले होते. माझं पोर मुंगीच्यासुद्धा वाटेला जायचं नाही, म्हणायचे. आपल्या औषधांच्या दुकानातून म्हाताऱ्यांना हात धरून पायरी उतरवणारा मुलगा तो. मग तुरुंगातल्या भेटीत त्यानेच मान खाली घालून सांगितलं, की मुदत संपलेल्या बाटल्यांवर तारखा तोच बदलायचा. तापाने फणफणलेल्या एका मुलीला त्यातलं औषध लागू पडलं नाही. ती गेली.

उद्या वर्गात कुणीतरी हे चिमीच्या तोंडावर मारणार. त्यापेक्षा घरच्या माणसाने सांगितलेलं बरं. आजोबांनी तिच्या डोळ्यांवरची पट्टी सोडवली आणि होतं तसं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, की रंगवलं नाही.

चिमीने ढिगातली एक चिंधी उचलून बोटाला गुंडाळली.

"बाबा रागावून द्यायचे त्या बाटल्या?"

"नाही गं. हसून द्यायचा. बरं वाटेल लवकर, असंही म्हणायचा."

"नेहमीसारखं?"

"नेहमीसारखं."

तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांचा चष्मा, पांढऱ्या मिशा, गळ्यातली मापाची टेप, सगळं जणू पहिल्यांदाच बघत होती.

"आबा, तुम्हीपण काही केलंय?"

एरवी आजोबांनी तिचा गालगुच्चा घेतला असता, "चहात दोन चमचे साखर जास्त" असं काहीतरी बोलून हसवलं असतं. आज त्यांना थट्टा सुचली नाही.

"नाही, बाळा," ते म्हणाले.

चिमीने मान हलवली. स्टुलावरून उतरून ती दाराशी गेली आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाली,

"बाबापण नाहीच म्हणाले होते."