बगळ्याच्या चोचीतली अळी

बसा मित्रांनो, जरा टेका. एका चुकीची गोष्ट सांगतो. मी एक जुना जस्ताचा ठसा आहे, लेबलं छापायचा. अंगावर बगळा कोरलाय. आमच्या इजिप्तमधल्या दमनहूरकडे त्याला अबू किर्दान म्हणतात. त्याच्या चोचीत अळी होती. होती म्हणतोय, ध्यानात ठेवा.

माझा मालक हाज बसयूनी. कापसावरच्या अळीचं औषध बनवायचा, जोडीला थोडं खत. वाचता न येणारे लोकसुद्धा बगळा बघून डबा उचलायचे.

दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून एकदा तो मालाचं नाव आणि बगळ्याची खूण नोंदवायला कैरोच्या सरकारी कचेरीत गेला. मी पिशवीत, नमुना म्हणून. तिथला कारकून वगीह म्हणाला, "काका, नोंदणीत मालाचे वर्ग असतात. खत पहिल्या वर्गात, अळीचं औषध पाचव्यात. अर्ज दोन लागतील."

"पाचव्यात आणखी काय असतं?"

"गोळ्या, मलमं, तान्ह्या बाळांचं खाणं."

हाज उठून उभाच राहिला. "माझं विष बाळाच्या खाण्याशेजारी? हराम आहे ते. सगळं पहिल्यात टाक."

"अहो काका, शेजारी कागद असतात, डबे नाहीत. पहिल्यात टाकलं तर औषधाच्या नावाला राखण मिळायची नाही."

"तुला लेकरं आहेत ना? मग लिही."

घरी त्याची बायको इन्साफ मसूर ढवळत म्हणाली, "शेतकरी त्याला औषधच म्हणतो ना, हाज? मग औषधांत बसायला लाज कसली?"

"तू मसूर बघ, खाली लागतोय."

दोन वर्षांत एका परक्या व्यापाऱ्यानं तेच नाव, तोच बगळा पाचव्यात नोंदवला. त्याच्या डब्यात निम्मं पाणी. लोकांनी बगळा बघून घेतलं, अळीनं कापसाची चाळणी केली, शिव्या आमच्या हाजला. प्रकरण कोर्टात गेलं. आम्हीच आधीपासून विकतोय म्हणावं, तर जुना एक कागद जपलेला नाही. निकाल आला, तुमचा बगळा खताचा, औषधावरून उतरवा.

मग हाजनं कानस घेतली आणि माझ्या चोचीतली अळी स्वतःच्या हातानं घासून काढली. खताच्या बगळ्याला अळी कशाला?

इन्साफ म्हणाली, "उपाशी दिसतोय आता."

पुढं त्या बदनाम बगळ्याचं खतही कुणी घेईना. मी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून पडलोय. हाज समोरून जातो, पण माझ्याकडं बघत नाही.

उद्या भंगारवाला यायचाय. मित्रांनो, मला वितळवण्याआधी एकदा शाई लावा, कागदावर उठवा. उघडी, रिकामी चोच दिसेल. नाव नोंदवायला निघालेल्या कुणाच्या तरी हातात तेवढा तो कागद द्या.