वॉर्डेलचा निसटलेला ठोका

वॉर्डेल पेटिग्रूने आयुष्यात लाखो ठोके वाजवले. नाव झालं ते न वाजवलेल्या एका ठोक्याचं. आता याला नशीब म्हणायचं की थट्टा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तरुणपणी तो अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका स्टुडिओत गाण्यांमागे ड्रम वाजवायचा. तबकडीवर गायकाचं नाव छापलं जाई, ड्रमवाल्याचं नाही. एका दुपारी त्याने जेवणाच्या सुट्टीत डुकराच्या भाजलेल्या बरगड्या चापल्या, हात पँटला पुसले आणि तसाच येऊन बसला. गाणं रंगात आलं आणि तेलकट बोटांतून काठी सटकली. एक ठोका गेला. त्या रिकाम्या जागेत गायक दचकून हुंकारला.

"परत घेऊ या," वॉर्डेल म्हणाला.

"वेळ संपली. कुणाच्या लक्षात येतंय?" निर्माता म्हणाला.

सगळ्यांच्याच लक्षात आलं. गाणं देशभर गाजलं, आणि शिकागोपासून न्यूयॉर्कपर्यंत जो तो ड्रमवाल्याचा पत्ता काढून वॉर्डेलला बोलावू लागला, "मात्र ती जागा रिकामी सोडायची हं!" या अटीवर. एका प्राध्यापकाने त्या मौनावर व्याख्यान दिलं. त्यावेळी मनात काय होतं, असं त्याने विचारलं, तेव्हा वॉर्डेलने खरं ते सांगितलं, "बरगड्या." प्राध्यापकाला तो विनय वाटला.

आता वॉर्डेलची बोटं सांधेदुखीने आखडत चालली होती. हिवाळ्यानंतर काठ्या धरता येणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, आपल्या माणसांनी तो ताल अख्खा ऐकावा, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्या चर्चच्या वर्धापनदिनाला गायकवृंद दरवर्षी वॉर्डेलच्या साथीने त्याच तालावर एक भजन म्हणत असे, आणि त्या रिकाम्या जागी सगळं चर्च टाळी देत असे.

"त्यांनी टाळ्यांचं काय करायचं मग?" बायकोने, ओनायडाने, विचारलं.

"ऐकायचं."

"इतकी वर्षं ऐकतायत की."

"इतकी वर्षं चूक ऐकतायत."

"अरे, इतकी वर्षं टिकली म्हणजे चूक कसली ती."

वर्धापनदिनाच्या रविवारी वॉर्डेल ड्रमवर बसला आणि त्याने वाजवलं. निसटलेला ठोका जागच्या जागी पडला, आणि टाळ्या त्याच्यावर जाऊन आदळल्या. गायकवृंदाची प्रमुख सिस्टर लुव्हिनिया एक शब्द चुकली. दुसऱ्या खेपेला टाळ्या अर्ध्यावर आल्या, तिसऱ्या खेपेला कुणी हातच उचलले नाहीत. वॉर्डेल मात्र असा वाजवत होता, जसा तो तरुणपणीही वाजवू शकला नव्हता. संपल्यावर सगळं चर्च उभं राहिलं. ऐकलं यांनी, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

लुव्हिनियाने जवळ येऊन त्याचे हात हातांत घेतले. "मनाला लावून घेऊ नका, ब्रदर वॉर्डेल. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

"काय सुरू झालं होतं?"

"रोजच्या गोष्टी विसरायची. आम्ही उभे राहिलो ना, ते तुम्हाला धीर यावा म्हणून."

"अहो, मी विसरलो नाही. आज बरोबर वाजवलं. आधीचं चुकीचं होतं."

"हो हो, बरोबर आहे तुमचं," लुव्हिनिया मायेने म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागून एक जण येऊन मोठ्याने, सावकाश म्हणाला, "मी हॉरेस. ओळखलंत ना?" वॉर्डेलला रडावं की हसावं कळेना. तो नुसताच खाली बसला.

लुव्हिनियाने ओनायडाला बाजूला घेतलं. "कधीपासून आहे गं हे?"

ओनायडाने नवऱ्याकडे पाहिलं. तिने प्रत्येक ठोका ऐकला होता, आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता.

"लग्नाआधीपासून होतं," ती म्हणाली. "आज बरा झाला."

पुढच्या रविवारी तेच भजन मुद्दाम पुन्हा घेतलं, आणि ड्रमवर हॉरेसचा पुतण्या होता. त्याने ती जागा बिनचूक रिकामी सोडली आणि टाळी कडाडली. मग पास्टरनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना मागितली. पहिलं नाव वॉर्डेल पेटिग्रू. दुसरं ओनायडा पेटिग्रू.