तिरकं लेबल

"रंग आहे तो!" टेलरमास्तर गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "आठवडाभर शाळेचे पिवळे फ्रॉक शिवतेय ती. हात पिवळे नाही तर काय जांभळे होतील?"

"वहिनींना कावीळ आहे, मास्तर. लावा पैज!" समोरचा वायरमन म्हणाला. "हरलो तर फ्रॉक घालून गल्लीत फिरेन."

"तुझ्या मापाला अख्खा तागा लागेल! मी हरलो, तर मी फिरेन. लागली!"

बायको मशीनवर मान खाली घालून बसलेली. पूर्वी अशा चेष्टेला आधी तीच खो-खो हसायची.

मास्तरांनी तिचे हात नळाखाली धरले. साबण झिजला, पिवळेपणा जाईना. तिनं वर पाहिलं. डोळेही पिवळे! कापडाचा रंग डोळ्यांत कसा जाईल? मास्तरांनी मशीन बंद केलं आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "लिव्हरला सूज आहे. काही गोळ्या चालू आहेत?"

"छे! फक्त कॅल्शियम." मास्तरांनी बाटली पुढे केली.

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. दोन महिन्यांपूर्वी तिला उदासीवरची गोळी सुरू झाली होती. मास्तरांनीच बाटलीचं लेबल नखानं खरवडून त्यावर 'कॅल्शियम' चिकटवलं. "लोक वेडी म्हणतील," असा वर दम दिला. जन्मभर लेबलं शिवणारा माणूस, लेबलालाच घाबरला!

"कॅल्शियम घ्या खुशाल," डॉक्टर म्हणाल्या. बायकोनं निमूट बाटली पर्समध्ये टाकली.

मास्तरांनी पर्स धरली. "थांबा! उदासीची गोळी आहे ती. लेबल मी बदललंय."

डॉक्टर ताडकन सरळ बसल्या. "ही गोळी क्वचित कुणाच्या लिव्हरला सोसत नाही. आजच बंद. तिच्या डॉक्टरांशी बोलते, ते दुसरी देतील. उपचार थांबवायचे नाहीत, कळलं? अजून महिनाभर लपवलं असतंत तर..."



तीन आठवडे वॉर्डात काढले. एकदा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, लोकांनी मला कधीच वेडी म्हटलं नाही. तो शब्द घरातच ऐकला."

ती घरी आली, त्या रविवारी सकाळी मास्तर पिवळा फ्रॉक घालून गल्लीत उतरले. केसाळ गुडघे उघडे. शिट्ट्या, टाळ्या, हसून हसून पोटं दुखली. मास्तर वळले. पाठीवर हातभर लेबल होतं. वायरमन मोठ्यानं वाचू लागला, आणि त्याचा आवाज बसत गेला:

"माझ्या बायकोला उदासीचा आजार आहे. औषध चालू आहे. मी ते लपवलं, म्हणून ती मरता मरता वाचली."



खिडकीतून आवाज आला, "अहो, लेबल तिरकं शिवलंय."

"उसवू?"

"नको. राहू दे."