चौदा निनावी चौकटी

“चौकट. रिकामी,” कॉम्प्युटर म्हणाला.

टेगनने कळ दाबून पुढे सरकून पाहिलं.

“चौकट. रिकामी.”

“आई, तो माणूस आज सारखं एकच का म्हणतोय?” विनीने टोस्ट चावता चावता विचारलं. विनी पावणेचार वर्षांची होती.

“कारण कुठल्या चौकटीत काय लिहायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नाहीये. तू खा.”

टेगन जन्मापासून आंधळी. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा आवाज कॉलेजपासून तिच्या सोबतीला होता. बँकेची कामं, बोटीवर असलेल्या नवऱ्याची, कोलमची पत्रं, विनीच्या औषधांचे कागद, सगळं तो न अडखळता वाचायचा. तो गप्प झाला की चूक त्याची नसते, पान बनवणाऱ्याची असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि आज गप्प बसायला त्याने नेमका हाच दिवस निवडला होता. कोरा बे गावातल्या बालवाडीचे अर्ज सकाळी नऊला उघडले होते. जागा वीस, आणि जो आधी भरेल त्याला आधी. ही बालवाडी त्यांच्याच रस्त्यावर होती, दारापासून तीनशे चाळीस पावलांवर. एकही रस्ता ओलांडायचा नाही, कुंपणाला हात लावत गेलं की फाटक. गावातली दुसरी बालवाडी हमरस्त्यापलीकडे. तिथून लाकडाचे ट्रक धडाडत जायचे आणि पायवाट अर्ध्यातच संपायची. काठी घेऊन, लेकीचा हात धरून तिथे जायचं म्हणजे रोज जीव मुठीत. कोलम महिन्यातले पंधरा दिवस माशांच्या बोटीवर. विनी बालवाडीत गेली तर याच बालवाडीत जाणार होती.

टेगनने पान पुन्हा वरपासून ऐकलं. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, लसीकरण... अकरा नावं एकाखाली एक. मग चौकटी एकीखाली एक. दिसणाऱ्याला ती शेजारी शेजारी दिसत असणार. पण नाव आणि चौकट यांची गाठ कुणी बांधलीच नव्हती. मग मोजूनच भरू म्हणत तिने मोजल्या. नावं अकरा, चौकटी चौदा.

तिने अंदाजाने भरल्या आणि अर्ज पाठवला.

“काही माहिती चुकीची आहे. लाल चौकटी दुरुस्त करा.”

नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. तिने फिरवून फिरवून पुन्हा भरल्या. लाल चौकटी दुरुस्त करा. पुन्हा. लाल चौकटी दुरुस्त करा.

“मी सांगू लाल कुठली आहे?” विनी खुर्चीवरून उतरली. “ही बघ, वरून...”

“नको!”

तिला स्वतःलाच दचकायला झालं इतक्या जोरात ती ओरडली. विनीचं चावणं थांबलं. 

“रागावले नाही गं. पण हे माझं काम आहे.”

विनी जन्मली त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं, लेकीला आपले डोळे करायचं नाही. आत्ताच दुकानातली माणसं तिच्या डोक्यावरून विनीला विचारायची, “आईला काय हवंय गं?” जणू आई म्हणजे हातगाडीवरचं पोतं. आता बालवाडीचा अर्जही या पोरीनेच भरायचा?

तिने नगरपालिकेला फोन लावला. पंधरा मिनिटं संगीत ऐकून झाल्यावर तिथली कारकून शेली फोनवर आली.

“अगं टेगन, सोप्पं आहे बाई. लाल दिसतात ना, तेवढ्याच भर.”

“शेली, माझ्याकडे लाल नाहीये.”

“अय्या, हो की! मग घरात कुणी दिसणारं आहे का?”

“आहे. पावणेचार वर्षांचं. तेच ॲडमिशन घेणार आहे.”

शेली हसली, मग हसायचं नव्हतं हे लक्षात येऊन खोकली. “मी फोनवर भरून नाही गं देऊ शकत. खासगी माहिती असते ना, नियम आहे.”

“तुमच्या नियमाला डोळे आहेत का?” टेगन म्हणाली आणि फोन ठेवून तिने काठी उचलली.

विनीने हट्टाने बालवाडीसाठी आणलेलं नवं दप्तर पाठीला लावलं. दप्तराच्या पट्ट्यावर टेगनने कोटाचं मोठं बटण शिवलं होतं, म्हणजे वीस दप्तरांतून हात फिरवला की आपलं सापडेल. घरातल्या डब्याडब्याला, कपाटाला, औषधाच्या बाटलीला अशी काही ना काही खूण होती. एका बाईला संसारभर जमतं ते एका कचेरीला जमू नये?

नगरपालिकेत वेबसाइटचं काम डॅरिल बघायचा. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यानेच गावातल्या चार आंधळ्यांना बोलावून ही वेबसाइट तपासून घेतली होती. चहा, लॅमिंग्टन केक, टाळ्या. प्रत्येकाला आभाराचं प्रमाणपत्र, काचेच्या चौकटीत. टेगनच्या भिंतीवर ते अजून होतं. बोट फिरवलं तर नुसती गुळगुळीत काच. आता ती डॅरिलच्या टेबलापाशी उभी होती.

“मी तेव्हा लिहून दिलं होतं, डॅरिल. पहिल्याच ओळीत. चौकटींना नावं नाहीत.”

“हो गं, आहे माझ्याकडे. ते पुढच्या टप्प्यात होतं. आधी रंग बदलायचे होते, नवं बोधचिन्ह...”

“पडदा बंद कर.”

“काय?”

“पडदा बंद कर आणि हा अर्ज भरून दाखव. वाचणारा आवाज लाव.”

पलीकडच्या टेबलांवरचं टकटकणं थांबलं. डॅरिलने पडदा बंद केला. “चौकट. रिकामी,” आवाज म्हणाला. डॅरिलने काहीतरी टाइप केलं. “चौकट. रिकामी.” तो पुटपुटत मोजू लागला, चुकला, पुन्हा पहिल्यापासून आला. तिसऱ्या मिनिटाला त्याने पडदा पुन्हा चालू केला.

“मुलाच्या नावात मी पिनकोड टाकलाय,” तो हळूच म्हणाला. मग चौकटी मोजत, “जन्मतारखेच्या तीन चौकटी आहेत. आणि पत्त्याच्या दोन. मोजून जमणारच नव्हतं.”

“मला सांगतोस?”

“बस. आत्ता करतो.”

तिने विनीला मांडीवर घेतलं. डॅरिल एकेक नाव एकेका चौकटीशी बांधत गेला. दोन वर्षं जे पुढच्या टप्प्यात होतं, त्याला पंचवीस मिनिटं लागली.

मग टेगन त्याच्या खुर्चीत बसली.

“मुलाचं नाव. चौकट. आवश्यक.”

किती साधं होतं! तिने कुणालाही न विचारता, एकदाही न थांबता चौदा चौकटी भरल्या. एका ठिकाणी ती मुद्दाम चुकली, तर आवाज म्हणाला, “फोन नंबरमध्ये एक अंक कमी आहे.” लाल नाही, काही नाही. सरळ माणसासारखं.

“अर्ज पोचला,” आवाज म्हणाला. “प्रतीक्षा यादी. क्रमांक चार.”

“विसावी जागा नऊ बावन्नला गेली,” डॅरिल म्हणाला. घड्याळात साडेदहा होत आले होते.

“माझा पहिला अर्ज किती वाजता आला? तुमच्याकडे नोंद असेल.”

कळा वाजल्या. “नऊ सहाला. मग नऊ अकरा, नऊ सतरा...” तो थांबला. “पण अपूर्ण अर्ज धरता येत नाही, टेगन. वरून नियम आहे.”

“अपूर्ण काय होतं, डॅरिल? माझा अर्ज की तुझा?”

  टेगनने त्या नोंदीचा कागद छापून मागितला, घडी करून खिशात ठेवला. तो कुणाला दाखवायचा हे ती घरी जाऊन ठरवणार होती. पण तो दाखवायचाच, एवढं ठरलं होतं.

परतताना बालवाडीचं कुंपण आलं. आतून पोरांचा कालवा, घसरगुंडीवर बुटांचा आवाज.

“ही माझीच ना?” विनीने विचारलं.

“थांबायचंय अजून.”

“का?”

टेगनला खरं तेच सांगायचं होतं, पण पावणेचार वर्षांच्या पोरीला सांगता येईल असं ते सापडेना. ती नुसती हात धरून चालत राहिली.

घरी आल्यावर तिने दप्तर दारामागच्या खुंटीला अडकवलं. सवयीने बोट पट्ट्यावरून फिरलं. बटण सैल झालं होतं. विनी वाटभर त्याच्याशी खेळत आली असणार. टेगनने दप्तर पुन्हा खाली काढलं, चाचपून सुईचा डबा शोधला आणि बटण घट्ट शिवायला घेतलं.