वडिलांचं फूल कुणाच्या कोटावर?

मी एक जुना पुतळा आहे. पुतळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चौकातला घोड्यावर बसलेला कुणीतरी येईल. तो मी नव्हे. मी शिंप्याचा पुतळा. मला गळ्यापासून कमरेपर्यंतच केलंय. वर डोकं नाही, खाली पाय नाहीत, पायांच्या जागी एक लाकडी दांडा आहे. मग तू पाहतोस कसा, ऐकतोस कसा, असं विचारू नका. ते मलाही माहीत नाही. तशा मला न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी आज तुम्हाला सांगणार आहे. तुम्हाला उलगडा झाला तर बघा.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. कागदाचा लगदा साच्यात दाबून माझं अंग केलं, त्यावर कापसाचा पातळ थर दिला आणि वरून जाड कापड शिवलं. पहिली काही वर्षं मी एका शिंप्याकडे होतो. तो दिवसभर माझ्या अंगावर कोट चढवायचा, टाचण्या टोचायचा, उतरवायचा. "याच्या अंगावर काहीही शोभतं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा मला फार बरं वाटायचं. मग लोक तयार कपडे घेऊ लागले. शिंप्याचं दुकान बंद झालं आणि त्याने मला शेजारच्या फुलांच्या दुकानात देऊन टाकलं. अंगावरचा काळा कोटही माझ्याबरोबर आला. तो कुणीतरी शिवायला टाकून न्यायलाच आला नव्हता.

फुलांच्या दुकानात पुतळ्याचं काय काम? मीही आधी बुचकळ्यात पडलो होतो. पण मालकीणबाई हुशार. लग्नाचे गुच्छ करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरीच्या हातातला गुच्छ आणि पुरुषांच्या कोटावर लावायची फुलं एकमेकांना साजेशी हवीत, हा त्यांचा हट्ट. कोटाचं फूल टेबलावर ठेवून कळत नाही, कोटावरच बघावं लागतं. म्हणून मी. गिऱ्हाईक येई, मालकीणबाई माझ्या डाव्या कॉलरवर फुलं टोचून दाखवत, खाली चिठ्ठी लावत: हे नवरदेवाचं, हे वडिलांचं, हे पाहुण्यांचं. एकदा ठरलं की ती फुलं माझ्यावरच राहत. सुकली तरी चालतील, नमुना कळला म्हणजे झालं.

दुकान दोघं चालवत. मालकीणबाई गुच्छ बांधत, मालक रिबिनी कापत आणि गल्ल्यावर बसत. दोघांचं तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला पटायचं नाही, म्हणून त्यांनी एक नियमच करून टाकला होता: पुतळ्यावर आहे ते खरं. कुणी काय बोललं, कधी बोललं, यावर वाद नाही. माझ्या कॉलरवर जे टोचलेलं असेल ते करायचं. केवढा हा विश्वास. माझी छाती फुगायचीच तेवढी बाकी होती.

एका दुपारी एक मुलगी आली. तिचं लग्न ठरलं होतं. पर्समधून तिने कापडाचा एक तुकडा काढला. तो तिच्या झग्याचा होता, सायीच्या रंगाचा.

मालकीणबाईंनी तो तुकडा माझ्या कॉलरवर धरला आणि त्याशेजारी एकेक फूल ठेवून बघू लागल्या. "पांढरा गुलाब नको, पोरी. सायीशेजारी पांढरं ठेवलं की साय मळकी दिसते. हा बघ, पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाचा. आणि मध्ये ही बारीक निळी फुलं."

मुलीला ते फार आवडलं. मग म्हणाली, "मावशी, नवरदेवाला पण हाच गुलाब?"

"हो तर. आमच्याकडे नवरदेवाचं आणि वडिलांचं फूल नवरीच्या गुच्छातलं असतं. त्याच जुडीतलं, एका वेळी उमलणारं. बाकी पाहुण्यांना पांढरी कार्नेशन. म्हणजे लांबूनही कळतं, हिची माणसं कोण."

मुलीने कापडाचा तुकडा घडी करून पर्समध्ये ठेवला. "वडिलांचं फूल काकांना द्यायचं," ती म्हणाली.

आता सांगा, मी गोंधळणार नाही तर काय? वडिलांचं फूल वडिलांना, काकांचं काकांना. पण मालकीणबाईंनी काही विचारलं नाही, मुलीनेच सांगितलं. ती पाच वर्षांची असताना तिचे आईबाबा वेगळे झाले. पुढे आईने दुसरं लग्न केलं. ज्यांच्याशी केलं त्यांना ही पहिल्या दिवशी काका म्हणाली, ते तसंच राहिलं. शाळेत सोडायला काका, तापात उशाशी काका, सायकल शिकवताना मागून धावणारे काका. बाबा लग्नाला येणार होते, पुष्कळ वर्षांनी. "बाबांवर माझा राग नाही," ती म्हणाली, "पण हे फूल काकांचंच. त्यांना आत्ता सांगू नका हं. सांगितलं तर नको म्हणतील." मालकीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, "काका," आणि गुलाबाखाली टोचली.

पुढे एकदा एक बस दुकानासमोरच्या वळणावर थांबली आणि चालक उतरून गुच्छाचे उरलेले पैसे द्यायला आत आला. मी माणसं छातीवरून ओळखतो, कारण माझ्या समोर छातीच येते. याच्या गणवेशाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला, चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली. हेच काका, हे मला तेव्हा समजलं.

गल्ल्यावर मालक होते. काका त्यांना हळूच म्हणाले, "हे बदला. वडिलांचं फूल तिच्या वडिलांना द्या. ते इतक्या लांबून येतायत. सगळ्यांसमोर त्यांच्या कोटावर पाहुण्यांचं फूल बरं दिसेल का? मला पांढरं चालेल. मला काय, कुठलंही चालतं."

"पण मुलीने..."

"तिला सांगू नका. ऐन वेळी तिच्या लक्षातही यायचं नाही."

मालकांनी चिठ्ठी बदलली. आता गुलाबाखाली "बाबा" आलं. काकांनी जाता जाता बोटाने तो गुलाब जरा सारखा केला आणि बसकडे गेले. प्रवासी खोळंबले होते, कुणीतरी आतून ओरडत होतं. मला वाटलं, चला, वडिलांचं फूल वडिलांना, आता तरी सगळं जागेवर आलं. पण मग मला इतकं वाईट का वाटत होतं? कापसाच्या छातीत काय दुखणार? तरी दुखत होतं.

लग्न जवळ आलं तसे एक परके गृहस्थ आले. हातात प्रवासाची बॅग, कोट चुरगळलेला. "मी मुलीचा बाप," असं म्हणून ते माझ्यापुढे उभे राहिले. त्यांनीही चिठ्ठी वाचली. मित्रांनो, त्यांचा हात कॉलरपर्यंत आला आणि फुलाला न लागताच खाली गेला.

"हे माझं नाही हो," ते म्हणाले. "मी फक्त वाढदिवसाला फोन करणारा बाप. ज्याने तिला वाढवलं त्याला द्या हे. मला पाहुण्यांतलं द्या, मी पाहुणाच आहे." मग बॅग उचलत, "तिला मात्र बोलू नका. उगीच लग्नाच्या तोंडावर तिचा जीव टांगणीला नको."

मालकांनी डोकं खाजवलं आणि चिठ्ठी पुन्हा बदलली. गुलाबाखाली पुन्हा "काका" आलं. म्हणजे पहिल्यासारखंच झालं ना? मग मधल्या सगळ्याचा अर्थ काय? ज्याला फूल द्यावं तो म्हणतो नको, ज्याला नको तोच दुसऱ्याला द्या म्हणतो, आणि प्रत्येक जण वर बजावतो की मुलीला सांगू नका. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असली ही माणसं. मी आयुष्यभर लोकांची भांडणं ऐकली होती, पण ती "मला दे" म्हणून. "त्याला दे" म्हणून चाललेला हा तंटा माझ्या आवाक्याबाहेरचा होता.

इथवर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण शेवटी मुलीची आई आली. ती घाईत होती, चपलाही नीट घातलेल्या नव्हत्या. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि गुलाब आणि चिठ्ठी दोन्ही उपटून काढली. टाचणी माझ्या कापडात तुटली, ती अजून तिथेच आहे.

"दोघं एकाच रांगेत बसणार आहेत," ती मालकांना म्हणाली. "एकाच्या कोटावर गुलाब, दुसऱ्याच्या कोटावर कार्नेशन. अख्खं लग्न मला तेवढंच दिसत राहील. दोघांनाही पांढरं द्या. वडिलांचं फूलच नको. आणि मुलीला सांगू नका."

मालकांनी माझ्यावर पांढरं कार्नेशन टोचलं. मालकीणबाई फुलांच्या बाजारात गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी पाहिलं, कपाळाला आठी घातली, पण नियम म्हणजे नियम. पुतळ्यावर आहे ते खरं.

लग्नाच्या सकाळी मुलगी दुकानात आली. यावंच लागतं, कारण गुच्छाचे देठ मालकीणबाई नवरी समोर उभी करूनच कापतात. तिने गुच्छ धरायचा, कोपर जिथे येईल त्या मानाने देठ लहान करायचे. तिला घेऊन काका आले होते, नवा गडद कोट घालून. आणि पाहुण्यांच्या फुलांचा खोका न्यायला आईने पाठवलं होतं ते बाबांना. तिघं एकदम दुकानात. दुकान एवढंसं, त्यात पाण्याच्या बादल्या. दोन्ही पुरुष एकमेकांना नमस्कार करून दोन कोपऱ्यांत उभे राहिले आणि आपापल्या बुटांकडे बघू लागले.

देठ कापून झाले. गुच्छ तिच्या हातात असा शोभत होता की मालकसुद्धा रिबीन खाली ठेवून बघत राहिले. मग तिने विचारलं, "मावशी, वडिलांचं फूल?"

मालकीणबाईंनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे. माझ्यावर पांढरं कार्नेशन.

"हे कुणी बदललं?" मुलीने विचारलं.

मालक चाचरत म्हणाले, "सगळ्यांनीच. आधी यांनी यांना द्या म्हटलं, मग यांनी यांना द्या म्हटलं, मग तुझी आई म्हणाली कुणालाच नको. मी तरी काय करणार, प्रत्येकाने सांगितलं होतं तुला सांगू नका."

मुलगी बादलीशेजारच्या स्टुलावर बसली, झग्याची पर्वा न करता. मला वाटलं आता रडणार. तिचे डोळे भरलेही होते, पण ती हसत होती. दोन्ही एकदम कसं करता येतं, हेही मला कळत नाही. "म्हणजे तुम्ही दोघं," ती म्हणाली, "दोघंही इथे आलात, आणि या पुतळ्याशी बोलून गेलात. माझ्याशी एकही जण बोलला नाही."

काका म्हणाले, "मला वाटलं तुला..."

"मला काय हवं ते मी सांगितलं होतं, काका. पण मीसुद्धा पुतळ्यालाच सांगितलं. तुम्हाला नाही." ती उठली. तिने मालकीणबाईंच्या हातातली कात्री घेतली आणि आपल्या नव्याकोऱ्या गुच्छातला सगळ्यात चांगला गुलाब देठाशी कापला. मालकीणबाईंच्या तोंडून "अगं" निघालं, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

"काका, इकडे या."

ते आले. तिने फूल त्यांच्या कॉलरवर धरलं आणि टाचणी लावली. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे फूल पार कलंडलं. काका मान वर करून छताकडे बघत राहिले. मोठ्या माणसाला रडू लपवायचं असलं की तो छताकडेच बघतो, हे मी शिंप्याकडे असताना शिकलो होतो.

तेव्हा बाबांनी हातातला खोका टेबलावर ठेवला. ते पुढे आले. "थांबा," ते काकांना म्हणाले, "वाकडं लागलंय." त्यांनी टाचणी काढली, गुलाब उभा केला, टाचणी पुन्हा मागून घातली, टोक कापडात नीट दडवलं आणि तळहाताने काकांची कॉलर सपाट केली. हात क्षणभर तिथेच राहिला. काकांनी त्यावर आपला हात ठेवला.

मुलीने खोक्यातलं एक पांढरं फूल काढलं आणि बाबांच्या कोटावर लावलं. "तुम्ही आलात," ती म्हणाली, "मला खूप बरं वाटलं, बाबा." ते मानेनेच हो म्हणाले.

मालकीणबाई गुच्छातली रिकामी जागा भरायला दुसरा गुलाब घेऊन आल्या. मुलगी म्हणाली, "राहू दे मावशी. छान दिसतंय." खरं तर दिसत नव्हतं. एका बाजूला चक्क भोक पडलं होतं. पण तिघं बाहेर पडली तेव्हा मालकीणबाई दारात उभ्या राहून तोच गुच्छ नजरेआड होईपर्यंत बघत होत्या.

आता माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. लोक फुलांचे फोटो फोनवर बघून ठरवतात. मी दाराआड उभा असतो, खांद्यांवर धूळ असते, कोटाला कसर लागली आहे. माझा गोंधळ मात्र तसाच आहे. वडिलांचं फूल शेवटी वडिलांना मिळालं की नाही? एकाला गुलाब मिळाला, दुसऱ्याला नाही, आणि तरी दोघंही काही गमावल्यासारखे दिसले नाहीत. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. तुम्हाला सुटलं तर सांगा.

पण एक विनंती आहे, मित्रांनो. मनातलं असं काही असेल, तर ते पुतळ्याच्या छातीवर टोचून जाऊ नका. पुतळा ते पोचवत नाही. ज्याला फूल द्यायचं असेल त्याला समोर बोलवा आणि त्याच्याच कोटावर लावा. हात थरथरेल. फूल वाकडं लागेल. लागू दे. ते सरळ करणारं कुणीतरी तिथेच उभं असतं.